मनाचा आजार आणि डॉक्टर शारदाबाई

(साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



मला आज तुमच्यापुढे चार शब्द बोलायला सांगितले आहे. मी शाळामास्तर. मास्तरला बोलायला सांगितले की तो लांबण लावतो, असे तुम्ही म्हणाल. पण आज मी पाठ शिकवायला आलेलो नाही. एका बाईची हकिगत सांगायला आलो आहे. आणि त्याबरोबर माझी एक चूकही सांगणार आहे.

पायात काटा मोडला तर आपण चारचौघांत सांगतो. ताप आला तर सांगतो. बैल आजारी पडला तर गावभर विचारत फिरतो. पण घरातल्या माणसाचे मन आजारी पडले, तर काय करतो? दार लावून घेतो. कोणी विचारले तर म्हणतो, "पाहुण्यांकडे गेलाय." खरे की नाही?

आज त्या दाराविषयीच बोलायचे आहे.

गोठ्यातला मुलगा

माझ्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. गणितात हुशार. मी फळ्यावर हिशेब मांडायचा अवकाश, हा उत्तर सांगून मोकळा. दहावी झाला आणि घरच्या शेतीला लागला. एकोणीस-वीस वर्षांचा असताना त्याचे वागणे पालटले. रात्र रात्र जागायचा. एकटाच पुटपुटायचा. कोणी दिसत नसताना कोणाला तरी उत्तर द्यायचा. "भाऊ माझ्या जेवणात विष घालतो," असे म्हणून ताट भिरकावायचा. आंघोळ नाही, दाढी नाही.

गाव म्हणाले, बाहेरची बाधा आहे. मग काय, लिंबू झाले, कोंबडे झाले, अंगारा झाला. देवऋषी झाले. दीड वर्ष गेले, एक म्हैस विकली. गुण आला नाही. एके दिवशी तो भावाच्या अंगावर धावून गेला. तेव्हा घरच्यांनी त्याला गोठ्यात नेले आणि गुरांच्या साखळीने दावणीला बांधले.

त्याची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, तुम्ही शिकलेले. ह्याला काय झालंय ते सांगा. तुम्ही सांगाल तसं करते."

मी काय सांगितले, ऐका. मी म्हणालो, "वहिनी, मला त्यातलं काही कळत नाही. नाहीतर येरवड्याला टाकून या त्याला."

ती माउली काही बोलली नाही. पदर तोंडाला लावून निघून गेली. त्यानंतर मी त्यांच्या गोठ्यावरून रोज शाळेला जात होतो. आत साखळी वाजायची. मी मान खाली घालून पुढे जायचो.

ही माझी चूक. ती मनात ठेवून आता मी सांगतो ती हकिगत ऐका.

शारदाबाई कोण?

२०२१ सालच्या डिसेंबर महिन्यात मी वर्तमानपत्रात एक बातमी वाचली. चेन्नईच्या डॉक्टर शारदा मेनन वारल्या. वय ९८ वर्षे. भारतात मनाच्या आजाराचे रीतसर शिक्षण घेतलेल्या त्या पहिल्या स्त्री डॉक्टर. मला लाज वाटली. एवढी मोठी बाई आपल्या देशात होऊन गेली आणि मला तिचे नावही ठाऊक नव्हते. मग मिळेल तिथून मी त्यांच्याविषयी वाचून काढले.

शारदाबाईंचा जन्म ५ एप्रिल १९२३ रोजी मंगळूर येथे झाला. आठ भावंडांत त्या धाकट्या. वडील न्यायाधीश होते. बदली झाली म्हणून कुटुंब मद्रासला आले. मद्रास म्हणजे आजचे चेन्नई. तिथेच शारदाबाई शिकल्या आणि १९५१ साली डॉक्टर झाल्या.

त्या काळी बाई डॉक्टर झाली तर ती बाळंतपणे करणार, असे लोक धरून चालत. शारदाबाईंनी दुसरी वाट धरली. मनाच्या आजाराचे शिक्षण देणारी संस्था १९५४ साली बंगळूरला सुरू झाली होती. आज तिला निम्हान्स म्हणतात. तिथे जाऊन त्या शिकल्या. १९५९ साली मद्रासच्या सरकारी मनोरुग्णालयात त्यांनी नोकरी धरली. १९६१ साली त्याच रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. त्या खुर्चीवर बसलेली ही पहिलीच बाई.

हे रुग्णालय फार जुने. त्याची सुरुवात १७९४ सालची, म्हणजे इंग्रजांच्या कंपनीच्या काळातली. किलपॉक नावाच्या भागात त्याचा मोठा आवार आहे. सुमारे १८०० खाटा. एखाद्या लहान गावाची वस्ती तेवढी असते, नाही का? एवढ्या आजारी माणसांची जबाबदारी एका बाईवर आली.

बरा झाला, पण जायचे कुठे?

जुन्या काळी अशा इस्पितळात औषध असे नव्हतेच. दांडगाई करणाऱ्याला कोंडायचे, बांधायचे, एवढेच डॉक्टरच्या हाती होते. मग १९५२ साली फ्रान्स देशातल्या डॉक्टरांना एक औषध सापडले. त्याने कानात येणारे आवाज कमी होत. भीती आणि संशय ओसरत. माणूस शांत होऊन बोलू लागे. थोड्याच वर्षांत ते आपल्या देशातही आले. शारदाबाई कामाला लागल्या तो काळ हाच. माणसे बरी होऊ लागली होती.

पण एक नवीच अडचण उभी राहिली. माणूस बरा झाला, तरी घरचे न्यायला येत नसत. "तिथेच राहू द्या, खर्च देतो," असे म्हणणारे असत. घरी गेलेला माणूसही कधी परत आजारी होऊन येई. का? कारण गोळ्या बंद केलेल्या. हाताला काम नाही. घरात मान नाही.

विचार करा. मोडलेला पाय प्लॅस्टर घालून नीट केला, आणि माणूस घरी आला तर कोणी त्याला घरात घेईना. असे कधी झाले आहे का? मनाच्या आजाऱ्याचे मात्र असेच होते.

शारदाबाईंनी ओळखले की सगळे उपचार भिंतीच्या आत करून चालायचे नाही. आजारी माणसाने सकाळी यावे, डॉक्टरला दाखवावे, औषध घ्यावे आणि संध्याकाळी आपल्या घरी जावे, ही पद्धत त्यांनी वाढवली. राज्यातल्या जिल्ह्याजिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यांत मनाच्या आजाराचा विभाग निघावा म्हणून त्यांनी खटपट केली. हेतू एकच. औषध जितके जवळ, तितके ते चालू राहते. आणि माणूस आपल्या माणसांत राहतो.

घरच्यांना दूर न ठेवता बरोबर घ्यावे, ही गोष्ट आपल्या देशात आणखी एका डॉक्टरने करून दाखवली होती. पंजाबात अमृतसरला डॉक्टर विद्यासागर होते. त्यांनी १९५० नंतरच्या काळात मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले. रोग्याची आई, बाप, भाऊ तिथे येऊन राहत. जवळ राहून शुश्रूषा करत. आजार कसा असतो ते डोळ्यांनी पाहत. त्यामुळे रोगी बरा झाला की त्याला सोबत घेऊनच ते घरी जात.

निवृत्तीनंतरचे काम

१९७८ साली शारदाबाई नोकरीतून निवृत्त झाल्या. वय ५५. मीही निवृत्त माणूस आहे. निवृत्त झालो की आपण पारावर बसतो, पेपर वाचतो, गावाला नावे ठेवतो. शारदाबाईंनी काय केले? वयाच्या ६१ व्या वर्षी, १९८४ साली, काही सोबती घेऊन एक नवी संस्था काढली. तिचे नाव 'स्कार्फ'.

ही संस्था मुख्यतः एका आजारासाठी निघाली. त्याला डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणतात. नाव अवघड आहे. आपण खुणा ध्यानात ठेवू. नसलेले आवाज ऐकू येणे. कारण नसताना घरच्यांचा संशय येणे. बोलणे तुटक होणे. अंग स्वच्छ न ठेवणे. कोणात न मिसळणे. हा आजार बहुधा ऐन तरुणपणी सुरू होतो. शंभर माणसांत साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी तो गाठतो. आईबापांनी वाईट वळण लावले म्हणून तो होत नाही. करणीने होत नाही. आणि लग्न लावून दिले म्हणून बराही होत नाही. हे शेवटचे नीट ऐका. "लग्न करून द्या, ताळ्यावर येईल," असे म्हणून आजार लपवून लग्न लावतात. मग दोन घरे दुःखात पडतात. पुष्कळ वेळा आजारी सून माहेरी आणून सोडली जाते.

'स्कार्फ'मध्ये आजारी माणूस दिवसा येतो. औषध घेतो, आणि काम शिकतो. हाताला काम मिळाले, चार पैसे आले, की माणसाची मान वर होते. रोग्यांच्या घरच्यांसाठीही शारदाबाईंनी 'आशा' नावाची संस्था उभी करायला मदत केली. एकाच दुःखातल्या आया आणि बाप तिथे एकत्र येतात आणि एकमेकांना धीर देतात.

पुढे ही संस्था शहराबाहेर पडली. तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. सगळा शेतकरी आणि शेतमजूर मुलूख. २०१० साली संस्थेने तिथे एक मोटारगाडी सुरू केली. बसएवढी मोठी. ती खेडोपाडी जाऊन उभी राहते. गाडीत पडदा असतो. पडद्यावर चेन्नईचे डॉक्टर दिसतात आणि रोग्याशी समोरासमोर बोलल्यासारखे बोलतात. औषध तिथल्या तिथे, फुकट. गावातलीच माणसे शिकवून तयार केलेली असतात. ती घरोघरी जाऊन विचारपूस करतात.

ही गोष्ट आपल्या मुलखापर्यंतही आली आहे बरं का. तमिळनाडूचे कांचीपुरम, गोवा आणि आपला सातारा, या तीन ठिकाणी मिळून एक प्रयोग झाला. स्किझोफ्रेनियाचे २८२ रोगी घेतले. काहींना नुसता डॉक्टरचा इलाज दिला. बाकीच्यांना डॉक्टरचा इलाज, आणि शिवाय शिकवून तयार केलेला कार्यकर्ता घरी जाऊन भेटणारा. हा कार्यकर्ता डॉक्टर नव्हे, आपल्यातलाच माणूस. वर्षभराने पाहिले. कार्यकर्ता घरी जात होता त्या रोग्यांत सुधारणा थोडी जास्त दिसली. तमिळनाडूच्या खेड्यांत तर ती अधिकच दिसली. २०१४ साली हे निष्कर्ष छापून आले. म्हणजे शेजारच्या माणसाचे जाणे-येणे हेसुद्धा औषधाला हात देते.

शारदाबाईंना १९९२ साली भारत सरकारने पद्मभूषण हा किताब दिला.

२००१ सालची ती पहाट

आता पुन्हा माझ्या गोष्टीकडे येतो.

त्याच तमिळनाडूत, समुद्रकाठी, एरवाडी नावाचे गाव आहे. तिथे एक दर्गा आहे. मनाचे आजारी लोक तिथे आणतात. आसपास काही लोकांनी खाजगी घरे काढली होती. पैसे घेऊन रोग्यांना तिथे ठेवत आणि साखळीने बांधत. ६ ऑगस्ट २००१. पहाटेची वेळ. अशा एका घराला आग लागली. ज्यांना पळता येत होते ते पळाले. साखळीत होते ते कुठे पळणार? २८ माणसे जळून मेली.

ही बातमी मी शाळेत वाचली. मुलांना हिशेब घालून दिला होता. खडू हातातच राहिला. आमच्या गावातला तो गोठा डोळ्यांपुढे आला. आत कडबा रचलेला. आढ्याला कंदील टांगलेला. आणि दावणीला साखळीत माझा विद्यार्थी.

त्या संध्याकाळी मी खाली मान घालून पुढे गेलो नाही. उपकेंद्राच्या नर्सबाईंना बरोबर घेतले आणि त्याच्या घरी गेलो. आईला म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मी चुकलो. चला, उद्या सिव्हिलला जाऊ."

भाऊ तयार नव्हता. "गावात बोभाटा होईल," म्हणाला. नर्सबाई म्हणाल्या, "दादा, बोभाटा व्हायचा तो झालाच आहे. आता इलाज होऊ द्या." दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने जिल्ह्याच्या गावी गेलो. डॉक्टरांनी तासभर त्याच्याशी शांतपणे बोलून गोळ्या लिहून दिल्या. साखळी त्याच आठवड्यात सुटली.

दोन महिने गेले. एके सकाळी त्याने आईकडे पैसे मागितले. कशाला? तर न्हाव्याकडे जायला. ती बाई धावत मला सांगायला आली. तिच्या डोळ्यांत पाणी होते.

पण गोष्ट इथे संपली नाही. पोरगा बरा झाला, पण गाव बरे झाले नव्हते. हॉटेलात त्याच्या शेजारी कोणी बसेना. मजुरीला कोणी बोलवेना. पोरे मागून ओरडायची. शारदाबाईंना जे मद्रासमध्ये दिसले तेच हे. शेवटी मी दूध डेअरीच्या सेक्रेटरींना गळ घातली. त्यांनी हो-ना करत त्याला मापे लिहायला ठेवले. गणिताचा पोरगा तो. महिनाभरात एका पैशाची चूक नाही.

वर्षाने एक शहाणा भेटला. म्हणाला, "बरा झालास ना? मग गोळ्या कशाला खातोस?" त्याने गोळ्या सोडल्या. महिन्याच्या आत पुन्हा आवाज सुरू झाले. पुन्हा सिव्हिल, पुन्हा गोळ्या. तेव्हापासून आई रात्रीच्या भाकरीबरोबर गोळी स्वतः हातात द्यायची.

आज तो चाळिशी ओलांडलेला माणूस आहे. लग्न झाले नाही. औषधाने हात थोडे थरथरतात. कधी एखादा दिवस बरा जात नाही. पण आपली भाकरी आपण कमावतो, आणि मला रस्त्यात भेटला की "गुरुजी, नमस्कार" म्हणतो. त्या नमस्काराला मी पात्र आहे का, हे मला अजून कळलेले नाही.

आपण काय करायचे?

मंडळी, मी थोडक्यात सांगतो.

मनाच्या आजाऱ्याला बांधू नका. २०१७ सालच्या कायद्याने त्याला साखळी घालायला मनाई आहे. कोणत्याही प्रकारे नाही.

आजार लवकर दाखवा. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचा इलाज मिळतो. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. ती माणूस टाकून येण्याच्या जागा नव्हेत. बरा करून परत आणण्याच्या आहेत. मी 'टाकून या' म्हणालो, ते माझे अज्ञान. बोलायलाच कोणी नसेल, जीव नकोसा झाला असेल, तर १४४१६ हा नंबर फिरवा. २०२२ साली भारत सरकारने तो सुरू केला. पैसे पडत नाहीत. रात्री-अपरात्रीही कोणीतरी बोलते, आणि मराठीत बोलते.

देवाला जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. देवाला नवस करा, मनाला धीर येतो. गुजरातेत एका दर्ग्यात दुवा देणारे आणि दवा देणारे डॉक्टर एकाच आवारात बसतात. पण गोळी मात्र चुकवू नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

हा आजार कुणा एकाच्या घरचा नाही. २०१५-१६ साली देशातल्या १२ राज्यांत पाहणी झाली. दर दहा मोठ्या माणसांमागे साधारण एकाला मनाचा काही ना काही त्रास आढळला. कुणाला उदासी, कुणाला भीती, कुणाला दारूचे व्यसन. या मांडवात किती जण बसलो आहोत, तुम्हीच मोजा.

आणि शेवटची गोष्ट. त्या मुलाच्या आईला वाचता येत नव्हते. डॉक्टर केसपेपरवर पुढची तारीख लिहून देत. ती वाचून घ्यायला ती दर महिन्याला कागद घेऊन माझ्याकडे यायची. मी एकदा परगावी होतो. तारीख चुकली, गोळ्या संपल्या, आठ दिवस पोरगा गोळीवाचून राहिला. माझे वाचणे तिच्या किती कामाचे होते, ते मला त्या दिवशी कळले.

तुम्हाला आता तारीख वाचता येते. गोळ्यांच्या पाकिटावरचे नाव वाचता येते. वर्गात शिकलात, त्याचा उपयोग इथे आहे. तुमच्या आळीत असे एखादे घर असेल. दार लावलेले. त्या दाराची कडी वाजवा. "वहिनी, कागद बघू," एवढे म्हणा. तारीख वाचून दाखवा. जमले तर त्या तारखेला बरोबर जा. आणि तो माणूस बरा होऊन घरी आला, की त्याला चहाला आपल्या शेजारी बसवा.

औषध डॉक्टर देईल. शेजारी बसायला जागा आपणच द्यायची आहे. शारदाबाईंनी पन्नास-साठ वर्षे हेच काम केले. मी बारा पावलांवरचा गोठा गाठायला दीड वर्षाच्या वर घालवले. तुम्ही एवढा उशीर करू नका, एवढीच माझी हात जोडून विनंती आहे.